वाटाड्या (सह्याद्रीतला गाईडेड ट्रेक)

वाटाड्या म्हणजे डोंगरात आपल्याला वाट दाखवत पुढे चालणारा, पायथ्याच्या गावातलाच माणूस. आता सगळेच गाईड म्हणतात, गावातली पोरंसुद्धा स्वतःला गाईडच म्हणवतात, पण हाक मारताना अजूनही मामा किंवा दादाच असतं.

नाशिककर ट्रेकला निघाला की बऱ्याचदा मुंबई हायवेने घोटी आणि तिथून बारी नाहीतर भंडारदरा हा ठरलेला रस्ता. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य साधारण ३६१ चौरस किलोमीटरचं, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. काहीजण याला नॅशनल पार्क म्हणतात, पण ते तसं नाही आणि हा फरक नुसता कागदावरचा नाहीये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरं चारता येत नाहीत, तिथे लोकांचे जमिनीवरचे हक्कही उरत नाहीत, अभयारण्यात मात्र गावं राहू शकतात, चराईला परवानगी असू शकते. म्हणून इथे रतनवाडी, साम्रद, पाचनई ही गावं आहेत, महादेव कोळी आणि ठाकर लोक आहेत, आणि म्हणूनच वाटाड्याही आहे. गुरांमागे, हिरड्यासाठी, मधासाठी लहानपणापासून जो हे रान तुडवत आलाय त्याला वाट वेगळी शिकावी लागत नाही.

सगळीकडे वाटाड्या लागतोच असं नाही हेही सांगायला हवं. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, पण बारीतून वर जाणारी वाट मळलेली आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, उघडीप असेल तर चुकायचं कारण नाही. हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांवरही वाट हरवत नाही, तिथे त्रास असतो तो गर्दीचा, पायरीवर जेमतेम एकाची जागा आणि वरून उतरणारे खालून चढणारे समोरासमोर येतात. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी गरज लागते ती रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाताना. जंगल दाट, आणि ढोरवाटा इतक्या की दर दहा मिनिटांनी एक फाटा फुटतो. ढोरवाट पायवाटेपेक्षा रुंद आणि मळलेली दिसते म्हणून नवखा माणूस हमखास तिलाच लागतो आणि ती नेऊन सोडते एखाद्या पाणवठ्यावर नाहीतर कड्याच्या टोकाला. आम्ही गेलो होतो तेव्हा धुकं असं की पुढच्याची सॅक दिसेना, मोबाईलला रेंज नाही, आणि आमच्यातल्या एकाने डाऊनलोड करून आणलेला मॅप आम्हाला सरळ ओढ्यात उतरवत होता. पुढे चालणारे मामा एका फाट्यावर थांबले, कोयत्याने कारवीची डहाळी तोडली आणि चुकीच्या वाटेवर आडवी टाकली. विचारलं तर म्हणाले, मागं कोणी राहिलं तर त्याला कळावं, इकडं जायचं नाही. आमच्यातले दोघं खरंच अर्धा तास मागे होते आणि ती डहाळी बघूनच ते बरोबर आले.

अलंग-मदन-कुलंग या तीन किल्ल्यांचं गणित अजून वेगळं. इंग्रजांनी १८१८ च्या सुमारास अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या त्यात हेही सापडले, त्यामुळे अलंग आणि मदनवर जायला आता रोप, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) लागतं आणि कातळटप्प्यावर बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा रोप धरून त्याला पडू न देणारा, तयारीचा माणूस लागतो. इथे दोन वेगळी कामं आहेत, रोप लावणारा टेक्निकल लीडर आणि आंबेवाडीतून वर नेणारा वाटाड्या, कधीकधी दोन्ही एकच माणूस असतो पण तसं गृहीत धरू नये, आधी विचारून घ्यावं. टाक्यात पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, त्यातलं पिण्याचं टाकं कुठलं, हे मात्र गावातलाच सांगू शकतो.

साम्रदच्या सांदण दरीत तर वाटाड्याचं ऐकलं नाही तर जिवावर बेततं. ही दरी म्हणजे दोन उंच कातळभिंतींमधली चिंचोळी फट, पावसात सगळं पाणी तिथूनच वाहतं, बाजूला चढून जायला जागाच नाही. वर कुठेतरी ढग दाटला की तो मागे फिरा म्हणतो, तेव्हा फिरायचं, पैसे भरलेत म्हणून वाद घालायचा नाही.

आग्यामोहोळाचंही तसंच. कड्याला पोळी लटकलेली दिसली की तो आवाज बंद करायला लावतो, विडी पेटवू देत नाही, सेंट मारलेल्यांना लांबून नेतो. मे अखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे येतात तेव्हाही हेडटॉर्च बंद करा, झाड हलवू नका हे ओरडून सांगणारा तोच असतो, कारण काजव्यांचं मीलन चालतं ते त्या चमकण्यावरच, आपल्या उजेडात त्यांना एकमेकांची खूणच पटत नाही.

पैशाबद्दल एकच, ग्रुपबरोबर गेलात तर गावातला माणूस घेतलाय का आणि त्याला किती देणार हे निघायच्या आधी विचारा. एका ट्रेकला आयोजकाने वाटाड्याचे पैसे पुढच्या वेळी देतो म्हणून सांगितलं आणि ते मामा काही न बोलता परत फिरले, ते मला अजून खटकतं. जेवण त्याच्याच घरी सांगावं, पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा, चुलीवरचं.

आणि चढताना त्याला बोलतं करावं. बारीकडचा कुणी असेल तर कळसूची गोष्ट सांगतोच, घरकामाला राहिलेली पोर, भांडी घासणार नाही केर काढणार नाही या अटीवर राहिली होती, तरी तेच काम तिला करायला लावलं म्हणून सगळं टाकून डोंगरावर निघून गेली. नवरात्रात तिच्या देवळात जत्रा भरते, तेव्हा आजूबाजूच्या गावातल्या म्हाताऱ्या बायासुद्धा अनवाणी वर येतात, त्यांना कुणी वाट दाखवावी लागत नाही.