ग्लायोब्लास्टोमा: मध्यकाच्या पलीकडचे रुग्ण

प्रौढांच्या मेंदूतच उद्भवणाऱ्या कर्करोगांपैकी ग्लायोब्लास्टोमा हा सर्वाधिक आढळणारा आणि अत्यंत आक्रमक प्रकार आहे. त्याच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी भागात दूरवर शिरलेल्या असतात. त्यामुळे एमआरआयमध्ये दिसणारी गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढली तरी आजार मागे उरतोच. १९२८ मध्ये अमेरिकी सर्जन वॉल्टर डँडी यांनी अशा गाठींसाठी मेंदूचा उजवा गोलार्धच काढून टाकण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, पण त्यानेही आजार हटला नाही.

आजच्या उपचाराचा पाया २००५ मध्ये रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या, युरोप व कॅनडातील ५७३ रुग्णांच्या चाचणीने घातला. केवळ रेडिएशन घेतलेल्यांचा जगण्याचा मध्यक १२.१ महिने होता, तर सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाच्या गोळ्या घेतलेल्यांचा १४.६ महिने. अडीच महिन्यांचा हा फरक किरकोळ वाटेल. मात्र मध्यक फक्त एवढेच सांगतो की निम्मे रुग्ण त्या मुदतीपर्यंत दगावले. उरलेल्या निम्म्यांचे पुढे काय झाले, हे त्यातून कळत नाही. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटातील १.९ टक्के, तर दुसऱ्या गटातील ९.८ टक्के रुग्ण हयात होते, आणि माझ्या मते या चाचणीचे खरे महत्त्व याच आकड्यांत आहे.

हा लाभ सर्वांना सारखा का मिळत नाही, याचे एक उत्तर गाठीच्या पेशींतच आहे. टेमोझोलोमाइड डीएनएतील ग्वानीन या घटकाला मिथाइल गट चिकटवते आणि विभाजनाच्या वेळी ही छेडछाड पेशीला घातक ठरते. परंतु एमजीएमटी नावाचे प्रथिन तो मिथाइल गट स्वतःवर ओढून घेऊन डीएनए दुरुस्त करते. असे एक रेणू एकदाच कामी येते आणि मग निकामी होते, म्हणून पेशीला ते सतत नव्याने बनवावे लागते. काही गाठींमध्ये या प्रथिनाच्या जनुकाचा सुरुवातीचा नियंत्रक भाग मिथाइल गटांनीच बंद केलेला असतो (इथे मात्र मिथाइल रुग्णाच्या बाजूने असते!) आणि अशा रुग्णांवर औषध अधिक प्रभावी ठरते. त्याच चाचणीत, दोन्ही उपचार घेतलेल्या अशा रुग्णांपैकी ४६ टक्के दोन वर्षांनंतर हयात होते.

जुन्या अहवालांतील दीर्घकाळ जगलेल्या रुग्णांच्या कहाण्या मात्र जपून वाचाव्यात. आयडीएच जनुकात बदल असलेल्या गाठी अधिक करून तरुणांत आढळतात आणि तुलनेने सावकाश वाढतात. पूर्वी त्यांतील काहींना ग्लायोब्लास्टोमाच म्हटले जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणाने त्यांना वेगळे काढले. म्हणूनच पॅथॉलॉजीच्या अहवालात आयडीएच आणि एमजीएमटी यांचा उल्लेख आहे का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे. अर्थात अनुकूल अहवाल म्हणजे हमी नव्हे, आणि प्रतिकूल अहवाल असलेले काही जणही वर्षानुवर्षे जगतात.

जे जगतात त्यांनाही उपचारांची किंमत मोजावी लागते. रेडिएशनचा मेंदूतील पांढऱ्या द्रव्यावर (मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंवर) होणारा परिणाम काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही उमटू शकतो: नावे आठवत नाहीत, दोन कामे एकत्र जमत नाहीत, थकवा उतरत नाही. अनेकांना फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. शिवाय रेडिएशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसू शकते, पण कधी कधी ती उपचारांमुळे आलेली सूज असते. अशा वेळी प्रकृती स्थिर असल्यास डॉक्टर उपचार न बदलता काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करून पाहतात.