ग्रंथी थकत नसतात, भाऊ!

नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कबाहेर तर्री-पोहे खाता खाता हल्ली एक नवंच निदान कानावर येतं : "माझा अ‍ॅड्रिनल फटीग झालाय." व्हॉट्सअ‍ॅपवरचं शास्त्र असं की, सततच्या ताणानं मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी दमतात, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बनवणं सोडतात आणि मग सकाळी लॅपटॉप उघडायची इच्छा होत नाही. उपाय काय, तर लाळेची तपासणी आणि महिनाभराच्या गोळ्या.

ऐकायला पटतं, पण हे चूक आहे. २०१६ साली उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा असा आजार असल्याचा पुरावा सापडला नाही. ग्रंथी खरोखर निकामी होतात तो अ‍ॅडिसनचा आजार. तो गंभीर असतो आणि रक्ततपासणीत पकडला जातो.

बर्नआउट मात्र थोतांड नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची नोंद केली आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून. अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं, या त्याच्या तीन खुणा.

आता कॉर्टिसॉलकडे येऊ. ग्रंथी दमत नाहीत, तर मग होतं काय? प्रॉडक्शन सर्व्हर पडल्याचा अलर्ट आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं रसायन सोडतो. ते जवळच्या पिट्युटरी ग्रंथीत जातं. पिट्युटरी रक्तात एसीटीएच सोडते आणि त्याच्या सांगण्यावरून अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. गंमत पुढे आहे. तेच कॉर्टिसॉल रक्तातून फिरून मेंदूत पोचतं आणि हायपोथॅलॅमस व पिट्युटरी या दोघांनाही 'आता बस' सांगतं. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक पाणी चढलं की स्वतःच नळ बंद करतो, तसंच.

हा निरोप वाचायला पेशींत दोन प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे कॉर्टिसॉलला पकडणारी प्रथिनं) असतात. पहिल्या प्रकाराची कॉर्टिसॉलवरची पकड इतकी घट्ट की शांत वेळीही त्यातले बरेचसे भरलेले असतात. दुसऱ्याची पकड सैल. ते कॉर्टिसॉल वाढलं तरच भरतात आणि ताण आवरतं घेण्याचं काम मुख्यतः त्यांचं. हे दुसरे ग्राहक जागे झाले की पेशी एफकेबीपी५ नावाचं प्रथिन जास्त बनवते, आणि हे प्रथिन त्याच ग्राहकांची पकड आणखी सैल करतं. म्हणजे लूपच्या आत लूप! ज्यानं हे लिहिलं त्याला कोड रिव्ह्यूत धारेवर धरलं असतं, पण चालतं ते झकास.

अट एकच : ताण कधीतरी संपला पाहिजे. आणि मेंदूला अलर्ट खराच यावा लागतो असं नाही. येईल या धास्तीनंही हीच साखळी हलू शकते. प्रसंग टळला तरी तो मनात घोळत राहिला तर शरीराची प्रतिक्रिया लांबते.

कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर थोड्याच वेळात शिखरावर असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा नागपुरात उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, हिवाळ्यात साडेदहा. क्लायंट कॉल संपवून मिहानमधल्या आयटी कंपनीतला पोरगा घरी पोचतो, तेव्हा शरीराला खाली उतरायचं असतं आणि डोकं अजून डिप्लॉयमेंटमध्ये असतं. याला साडेसाती समजून नीलम घालणारे सिनिअर डेव्हलपरही आहेत. नीलमाला कॉलची वेळ बदलता येत नाही.

मग लाळेत बर्नआउट दिसेल का? नाही. बर्नआउट झालेल्यांचं कॉर्टिसॉल काही अभ्यासांत जास्त, काहींत कमी, तर काहींत इतरांसारखंच निघालं. तपासणीचे पैसे वाचवा.

उपयोगी पडेल असं एक काम फुकट आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपेच्या प्रयोगशाळेत निजवलं. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, बाकीच्यांनी झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी बारकाईची तितकी लवकर. प्रयोग लहान आहे, शिवाय ते तरुण निरोगी होते, बर्नआउटचे रुग्ण नव्हते. म्हणून याला इलाज म्हणू नका. तरी 'उद्या बग बघणे' यापेक्षा 'उद्या अकराला लॉगिनचा टाइमआउट तपासणे' असं लिहून पाहायला हरकत नाही.

ऑन-कॉलची, म्हणजे रात्री-अपरात्री अलर्ट आला की उठायची पाळी मात्र वहीत लिहून बदलत नाही. आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही बर्नआउटचं मूळ कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या ताणात आहे. रात्री जागलेल्याला दुसऱ्या दिवशी उशिरा येऊ द्यायचं की नाही, हे मॅनेजर ठरवतो, अश्वगंधेची गोळी नव्हे. आणि आवडीच्या गोष्टींतलाही रस गेला असेल, सुट्टीतही उदासी हटत नसेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.