वीस कोमुझ एकत्र: परंपरा किती जुनी?

एका व्हिडिओत रंगीत टोप्या घालून वीसेक मुलं एका तालात कोमुझ हे किर्गिझ तंतुवाद्य वाजवतायत, आणि खाली मजकूर: 'किर्गिझ भटक्यांचं हजारो वर्षांचं वाद्यवृंद-संगीत.' वाद्य जुनं आहे, वृंद नाही. किर्गिझांकडे कोमुझ मुख्यतः एकट्यानं वाजवायचं. अशा एकल रचनेला 'क्यू' म्हणतात. मोठा लोकवाद्यवृंद सोव्हिएत काळात, 1936मध्ये उभा राहिला.

वृंद जमवणं अवघड का, ते वाद्यातच दिसतं. एकाच लाकडातून, बहुधा जर्दाळूच्या, कोरलेलं. तारा तीन, आणि सरोदला नसतात तसेच यालाही पडदे नाहीत. बोट केसभर सरकलं की सूर हलतो. एकट्याचं खपून जातं, वीस जणांत गलका होतो. त्यात मधली तार सर्वांत उंच सुराची, म्हणून गिटारवाला हमखास गोंधळतो. पूर्वी तारा आतड्याच्या असत, आता नायलॉनच्या. नवी नायलॉन ताणत राहते आणि सूर उतरतो. ती आधीच चढवून ठेवावी, कार्यक्रमाच्या दिवशी नाही.

हातवारे मात्र वृंदानं आणलेले नाहीत. उजवा हात हवेत फिरवणं, कोमुझ उलटा धरणं एकल वादनातलंच. वीस जणांनी ते एकदम करणं, ही रंगमंचाची करामत.

नाव सारखं असलं तरी 'तेमिर कोमुझ' हे कोमुझचं भावंडही नव्हे: ते म्हणजे तोंडाशी धरून वाजवायचं आपलं मोरचंग.