न्यूरेंबर्गमध्ये 'वंशसंहारा'साठी कोणालाही शिक्षा झाली नाही

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग इथे चाललेल्या खटल्यात नाझी नेत्यांना वंशसंहाराबद्दल (जेनोसाइड) दोषी ठरवलं गेलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाने 1 ऑक्टोबर 1946 रोजी 19 जणांना दोषी ठरवलं, पण शांततेविरुद्धचे गुन्हे (म्हणजे आक्रमक युद्ध पुकारणं), त्यासाठीचा कट, युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे (म्हणजे नागरिकांची हत्या, छळ यांसारखे अत्याचार) या आरोपांखाली. निकालपत्रात वंशसंहाराचा उल्लेखच नाही.

गोंधळ होतो तो आरोपपत्रामुळे. पोलिश ज्यू वकील राफाएल लेमकिन यांनी 1944च्या पुस्तकात मांडलेली 'वंशसंहार' ही संज्ञा त्यातल्या तिसऱ्या, म्हणजे युद्धगुन्ह्यांच्या, आरोपात वर्णन म्हणून आली होती. स्वतंत्र गुन्हा म्हणून ती न्यायाधिकरणाच्या सनदेच्या, म्हणजे ज्या नियमांनुसार ते चाललं त्यांच्या, कलम 6मध्ये नव्हतीच.

याहून गंभीर उणीव वेगळीच होती. याच कलमानुसार मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा युद्धाशी संबंध दाखवावा लागे. त्यामुळे सप्टेंबर 1939पूर्वी, म्हणजे युद्ध सुरू होण्याआधी, जर्मनीत ज्यूंवर झालेले अत्याचार, न्यायाधिकरणाने त्यांची भीषणता मान्य करूनही, या गुन्ह्यात धरले गेले नाहीत. लेमकिन यांना हे अजिबात पटलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे चिकाटीने पाठपुरावा केला. संयुक्त राष्ट्रांच्या 9 डिसेंबर 1948च्या करारात वंशसंहार शांतताकाळातही गुन्हा ठरला. मात्र एखादा राष्ट्रीय, वांशिक, वंशीय किंवा धार्मिक समूह, समूह म्हणूनच, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. खटले बहुधा इथेच अडतात.

आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहारासाठी पहिल्यांदा दोषी ठरवलं ते रवांडाच्या ज्याँ-पॉल अकायेसूला, 2 सप्टेंबर 1998 रोजी.