आकड्याला गोल केला, पुढे काय?

कॅन्सरच्या ओपीडीत डॉक्टरांनी "काय, बरं आहे ना?" असं विचारलं की बहुतेक रुग्ण "हो, बरंय" म्हणून मोकळे होतात. बाहेर रांग लागलेली असते, मुलगा रिपोर्टची पिशवी घेऊन शेजारी उभा असतो, अशात झोप उडाल्याचं कोण सांगत बसणार? डॉक्टरांचा तरी काय दोष! थकवा, भूक न लागणं, झोप न येणं ही नैराश्याची लक्षणं, पण केमोथेरपीनेही नेमकं हेच होतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सुमारे साडेचार हजार रुग्णांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ साली आले. ३५ टक्के रुग्णांचा मानसिक त्रास लक्षणीय होता.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी या प्रश्नामागे आयुष्य घातलं. त्यांच्या गटाने १९९८ मध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्या पुरुषांवर एक साधा कागद वापरून पाहिला. त्यावर थर्मामीटरचं चित्र. तळाशी ०, म्हणजे त्रास नाही. टोकाला १०, म्हणजे पराकोटीचा त्रास. आजचा दिवस धरून गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, त्या आकड्याला गोल करायचा. दुखणं असं आकड्यात विचारायची पद्धत रुग्णालयांत होतीच. "तुम्हाला नैराश्य आलंय का?" म्हटल्यावर अंग चोरणारा माणूसही आकड्याला गोल करतो.

आज साधारणपणे ४ किंवा त्याहून मोठा आकडा आला की पुढची चौकशी करतात. यावरून नैराश्याचं निदान होत नाही. ही नुसती चाळणी आहे.

मला विचाराल तर आकड्यापेक्षा त्याच्यासोबतची यादी जास्त बोलकी. तिच्यात हो-नाहीच्या खुणा करायच्या असतात: मुलांना सांभाळायला कोण, येण्याजाण्याची सोय, विमा, नोकरी, जोडीदाराशी संबंध, भीती, श्रद्धेविषयीचे प्रश्न, मळमळ, झोप. दोघांनी ७ वर गोल केला. एकाची खूण भीतीवर, दुसऱ्याची येण्याजाण्याच्या सोयीवर. दुसऱ्याला समुपदेशकाआधी समाजसेवा विभागात पाठवायला हवं. गावाहून मुंबईत परळला उपचारासाठी येणाऱ्या कुटुंबांना हे वेगळं सांगायला नको.

नैराश्याचाच शोध घ्यायचा तर वेगळी प्रश्नावली लागते. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेल्या 'हॅड्स'मध्ये चिंतेचे ७ आणि नैराश्याचे ७ प्रश्न आहेत. आजारामुळेच होऊ शकणारा शारीरिक त्रास त्यातून मुद्दाम वगळलाय.

पण नुसतं शोधून भागतं का? स्कॉटलंडमध्ये कॅन्सरच्या रुग्णांची हॅड्सने तपासणी केली आणि ज्यांचे गुण जास्त आले त्यांची फोनवर सविस्तर मुलाखत घेतली. तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना त्यावर पुरेसा उपचार मिळत नव्हता. मग ५०० जणांचे दोन गट केले. एका गटात नैराश्याचं निदान फॅमिली डॉक्टरांना आणि कॅन्सरतज्ज्ञांना कळवून पुढचं त्यांच्यावर सोपवलं. दुसऱ्या गटाला कॅन्सर विभागातल्या, खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्स चार महिन्यांत जास्तीत जास्त दहा वेळा भेटल्या. अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या हे त्यांनी शिकवलं, मनोविकारतज्ज्ञांनी औषधांवर लक्ष ठेवलं. २०१४ मध्ये निकाल आला. २४ आठवड्यांनी नैराश्य निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेले रुग्ण पहिल्या गटात १७ टक्के, दुसऱ्यात ६२ टक्के.

पहिल्या गटातल्या डॉक्टरांना निदान ठाऊक होतं, हे इथे विसरू नये. फॉर्म भरून फाइलला लावणाऱ्या रुग्णालयांनी हा १७ चा आकडा भिंतीवर लावावा, असं मला गमतीने नव्हे, खरोखर वाटतं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. "बाबांना कॅन्सर आहे हे कळू देऊ नका," असं नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतात आणि मग बाबांचा फॉर्मही तेच भरतात. कागद रुग्णाच्याच हाती द्यावा. वाचता येत नसेल तर नर्सने वाचून दाखवावा, आणि तेवढा वेळ सोबतच्यांना बाहेर बसवावं.