पार्श्वभूमी : मॅडोनाचा ‘रे ऑफ लाइट’

मार्च १९९८च्या पहिल्या आठवड्यात ‘रे ऑफ लाइट’ बाजारात आला, तेव्हा ‘मॅडोना अध्यात्माकडे वळली’ अशा थाटातच त्याचे बहुतेक स्वागत झाले. चाळिशीला टेकलेली गायिका, नुकतेच लाभलेले आईपण, कबाला या यहुदी गूढविद्येचा अभ्यास, योगासने आणि त्यातून घडलेले परिवर्तन, असा तो सरळ हिशेब होता. तो खोटा नाही. पण अल्बमच्या घडणीकडे पाहिले, तर गळ्याची मेहनत, बाजूला ठेवलेली गाणी आणि विल्यम ऑर्बिट या इंग्रज संगीतकाराची संथ, काहीशी अव्यवस्थित कार्यपद्धती यांचा वाटा धर्मचिंतनापेक्षा कमी भरत नाही.

१९९२मध्ये ‘एरॉटिका’ हा अल्बम आणि ‘सेक्स’ हे छायाचित्रांचे पुस्तक पाठोपाठ आल्यावर मॅडोनाविषयी जो कंटाळा आणि रोष साचला, तो पुढची दोन-तीन वर्षे ओसरला नाही. १९९४चा ‘बेडटाइम स्टोरीज’ आणि त्यानंतरचा प्रेमगीतांचा संग्रह हे त्या मानाने सावध पवित्रे होते. खरे वळण आले ते ॲलन पार्कर यांच्या ‘एव्हिटा’ या चित्रपटामुळे. त्यातील गाणी तिच्या नेहमीच्या पट्टीत आणि नेहमीच्या शैलीत बसणारी नव्हती, म्हणून तिने जोन लेडर या शिक्षिकेकडे आवाजाचे रीतसर शिक्षण घेतले. आपल्या आवाजाचा मोठा भाग आपण आजवर वापरलाच नव्हता, हे तिला तेव्हा उमगले. ‘रे ऑफ लाइट’मधील तिचा आवाज आधीच्या अल्बमांपेक्षा रुंद आणि स्थिर लागतो, त्याचे पहिले कारण हे आहे. चित्रीकरणाच्या काळातच ती गरोदर होती. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी मुलीचा, लॉर्डेसचा, जन्म झाला.

नव्या अल्बमसाठी तिने सुरुवातीला बेबीफेस या अमेरिकी गायक-निर्मात्याबरोबर काही गाणी केली, पण ती आधीच्या अल्बमच्याच वळणाची वाटल्याने बाजूला ठेवली. गीतकार रिक नोवेल्स आणि ‘लाइक अ प्रेयर’ या १९८९च्या अल्बमच्या काळातील जुने सहकारी पॅट्रिक लेनर्ड यांच्याबरोबर केलेल्या गाण्यांपैकी काही टिकली. मग तिच्या मॅव्हरिक या रेकॉर्ड कंपनीतील गाय ओसीरी यांनी ऑर्बिटशी संपर्क साधला आणि त्याने तेरा तुकड्यांची एक टेप पाठवून दिली. ऑर्बिट तिला अगदीच अपरिचित नव्हता, कारण तिच्या ‘जस्टिफाय माय लव्ह’चे रीमिक्स त्याने पूर्वी केले होते. मात्र अख्खा अल्बम एवढ्या मोठ्या गायिकेने त्याच्या हाती द्यावा, असे त्याचे नाव तेव्हा झालेले नव्हते.

१९९७च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या लॅराबी नॉर्थ स्टुडिओत काम सुरू झाले आणि ते साडेचार महिने चालले. झटपट काम उरकण्याची सवय असलेल्या मॅडोनाने तोवर कोणत्याही अल्बमला इतका वेळ दिला नव्हता. वादकांचा ताफा नाही, बहुतेक सूर संगणकावर आणि जुन्या सिंथेसायझरवर उभे केलेले, आणि ती यंत्रे वारंवार बिघडत. ती दुरुस्त होईपर्यंत सगळ्यांनी हात बांधून बसायचे. शिवाय ऑर्बिट एकाच वेळी दहा कल्पनांत गुंतलेला असे. त्या तुकड्यांना आकार यावा म्हणून संगीतनिर्माते मारियस डी व्रीस यांना काही गाण्यांवर बोलावण्यात आले. या रखडण्याची तक्रार तिने केली असणार, पण त्यातून मिळालेला अवकाश कानांना जाणवतो. ‘फ्रोझन’मध्ये क्रेग आर्मस्ट्राँग यांनी बांधलेला तंतुवाद्यांचा मेळ आणि ऑर्बिटची खरखरती तालयंत्रे एकमेकांना न ढकलता शेजारी नांदतात, ते घाईच्या कामात साधले नसते.

शीर्षकगीताची गोष्ट तर निराळीच आहे. त्याचे मूळ १९७१च्या ‘सेफेरिन’ या कर्टिस-मल्डून जोडीच्या विस्मृतीत गेलेल्या इंग्रजी गाण्यात आहे. मल्डून यांची भाची क्रिस्टीन लीच हिने ते शब्द ऑर्बिटच्या एका चालीवर गाऊन पाहिले, ती टेप मॅडोनापर्यंत पोहोचली आणि तिने शब्दांत फेरफार करून गाणे आपलेसे केले. ध्वनिमुद्रण करताना ऑर्बिटने तिला सोयीच्या पट्टीपेक्षा अर्धा स्वर वर गायला लावले. गाण्याच्या शेवटी आवाज फुटण्याच्या बेतात येतो, तो परिणाम असा मुद्दाम घडवलेला आहे.

अंतर्मुखतेचा गाभा मात्र दोन टोकांच्या गाण्यांत आहे. पहिल्या ‘ड्राउन्ड वर्ल्ड’मध्ये प्रसिद्धीच्या बदल्यात काय गमावले याचा जमाखर्च आहे, शेवटच्या ‘मेर गर्ल’मध्ये घरातून पळत सुटलेली मुलगी पावसात आईच्या कबरीपाशी पोहोचते. मॅडोनाची आई १ डिसेंबर १९६३ रोजी स्तनाच्या कर्करोगाने वारली, तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती आणि आई अवघी तीस. या गाण्यात ताल जवळजवळ नाहीच. मातीचा ओला वास आणि धावणाऱ्या मुलीचा धपापता श्वास तेवढा जाणवतो. स्वतः आई झाल्यावर पहिल्याच वर्षी हे गाणे लिहिले जावे, यात योगायोग मानण्याचे कारण नाही. मधल्या ‘स्विम’चे गायन झाले ते १५ जुलै १९९७ रोजी. त्याच दिवशी तिचे स्नेही, इटालियन फॅशन डिझायनर जियानी व्हर्साचे यांची मायामीत हत्या झाली.

आपल्याकडच्या श्रोत्याचे कान टवकारतात ते ‘शांती/अष्टांगी’पाशी. ‘वन्दे गुरूणां चरणारविन्दे’ हा शंकराचार्यांच्या नावे असलेल्या ‘योगतारावली’चा आरंभश्लोक म्हैसूरच्या पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग परंपरेत आसनांपूर्वी म्हटला जातो, आणि तिथूनच तो न्यूयॉर्कच्या योगवर्गांतून मॅडोनाकडे आला. (योग म्हटला की पुणेकराला अय्यंगार आठवतात; हे दोघेही कृष्णमाचार्यांचेच शिष्य.) श्लोकात गुरूंच्या चरणांना ‘जाङ्गलिक’ म्हणजे विषवैद्याची उपमा आहे, संसाररूपी हालाहलाचा मोह त्यांनी उतरवावा, असा भाव. उच्चार नीट व्हावेत म्हणून वाराणसीचे वागीश शास्त्री यांच्याकडून दूरध्वनीवर धडे घेण्यात आले. तरीही जोडाक्षरे काही ठिकाणी अडखळतात. पण परक्या भाषेचा नुसता मसाला म्हणून वापर करणाऱ्या त्या काळातील गाण्यांच्या तुलनेत ही मेहनत प्रामाणिक वाटते.

‘मंत्रा’ आणि ‘व्हेरोनिका इलेक्ट्रॉनिका’ ही शीर्षकेही विचारात होती. फेब्रुवारीत आलेले ‘फ्रोझन’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ख्रिस कनिंगहॅमने मोहावीच्या वाळवंटात चित्रित केलेल्या त्याच्या व्हिडिओत मॅडोनाचे हात मेंदीने रंगलेले आहेत. अमेरिकेत अल्बमच्या पहिल्या आठवड्यात ३,७१,००० प्रती खपल्या, तरी ‘टायटॅनिक’च्या संगीतामुळे त्याला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. सप्टेंबरमध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात कपाळी टिळा लावून, अंगात पारदर्शक सदरा घालून तिने ‘शांती/अष्टांगी’ सादर केले, तेव्हा वर्ल्ड वैष्णव असोसिएशनने जाहीर निषेध नोंदवला. १९९९मध्ये अल्बमच्या खात्यावर चार ग्रॅमी जमा झाले. त्यांतला एक वेष्टनाच्या रचनेसाठी होता.

‘व्हेरोनिका इलेक्ट्रॉनिका’ हे नाव तेवढे पडून राहिले. त्या नावाचा रीमिक्स संग्रह जुलै २०२५मध्ये प्रसिद्ध झाला आणि नोवेल्सबरोबर केलेले, १९९८च्या निवडीत गळलेले ‘गॉन गॉन गॉन’ हे गाणे त्यात कच्च्या रूपात आले.