कमी दिवसांची वाट म्हणजे सोपी वाट?

आफ्रिकेतल्या सर्वांत उंच शिखराला, किलिमांजारोला (5,895 मीटर) निघालेल्यांना हा सल्ला हमखास मिळतो: ‘मारांगूची वाट घ्या, पाच दिवसांत वर-खाली, सगळ्यात सोपी.’ चढ सौम्य, झोपायला लाकडी खोल्या. म्हणून तो पटतोही. पण तिथे दमवते ती विरळ हवा, आणि तिची सवय व्हायला वेळ लागतो. रोज सिंहगड चढणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज साधारण 500 मीटरहून जास्त वाढवू नये, असा संकेत आहे. मारांगूचे मुक्काम पाहा: मंदारा सुमारे 2,700, होरोंबो 3,700, किबो 4,700. रोज हजाराची उडी! दुसरी, माचामेची वाट चढ-उताराची, पण लाव्हा टॉवर या सुळक्यापाशी 4,600 पर्यंत नेऊन झोपायला सुमारे 3,950 वर उतरवते; म्हणजे विरळ हवेची सवयही होते आणि मुक्कामाची उंचीही फार वाढत नाही. टूरच्या वेळापत्रकात मुक्कामांची उंची असते. लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करा आणि 3,000 च्या वर फरक 500 हून फार जास्त नाही ना, ते पाहा. मारांगूच हवी असेल, तर होरोंबोला एक रात्र जादा मागून घ्या.